आधी मोज, मग मागव

अगं, आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. ठेवलास? आता ऐक. सासऱ्यांच्या मॉडेल रेल्वेचं जुनं इंजिन नव्या रुळांवर चालत नाही म्हणून अख्खा खोका विकायला काढायचं काही एक कारण नाही. इंजिन बहुतेक धडधाकट असणार, कुरकुर चाकांची आहे. चाकं बदलता येतात, आणि तुला ती बदलता येतील. मिक्सरचा कपलर तू स्वतः बदललास तेव्हा मी समोर बसले होते, तेव्हा मला 'जमणार नाही गं ताई' ऐकवू नकोस. हे काम अवघड नाही, बारीक आहे. बारीक कामाला दुपारची वेळ, भरपूर उजेड आणि शेजारी पांढरा टॉवेल लागतो, बस.

पण खरं सांगू का, चाकं बदलायची असं सगळे म्हणतात म्हणून बदलायची नसतात. आधी इंजिनाचं नेमकं दुखतंय कुठे ते बघ. एका लयीत 'टक्‌... टक्‌... टक्‌' करत चालत असेल, म्हणजे चाकाच्या दर फेरीला एक धक्का, तर बहुतेक अ‍ॅक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलाय. मध्येच थांबतंय आणि बोटाने ढकललं की पुन्हा निघतंय, तर चाकांवर मळ आहे, किंवा चाकांकडून वीज उचलणारी पट्टी नीट टेकत नाहीये. सरळ रुळावर मुकाट चालतं पण रूळ बदलायच्या पॉइंटवर घसरतं, तर दोन चाकांमधलं अंतर चुकलंय. आणि सगळ्या वाटेवर बारीक खडखड ऐकू येत असेल, तर चाकाची आतली उंच कड, फ्लँज गं, रूळ धरून ठेवणाऱ्या खिळ्यांवर आपटतेय. यातल्या दुसऱ्या दुखण्याला नवी चाकं लागतच नाहीत.

म्हणून सगळ्यात आधी पूस. आपण वरसाव्यात राहतो, खाडीशेजारी, हवा खारी. दाराच्या कड्यांना आणि सायकलीच्या साखळीला जे होतं तेच या इंजिनांच्या जुन्या चाकांना होतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच इंजिनांना लोखंडाची भुकटी दाबून घडवलेली चाकं असायची. त्यांचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे मळ धरतात आणि आपल्याकडे गंजतातही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, ते कानकोरण्याच्या कापसाला लाव आणि चाक फिरवत फिरवत पूस. सँडपेपर लावायचा नाही. त्याचे ओरखडे राहतात आणि पुढचा मळ त्या ओरखड्यांत घर करतो. भांड्यांची तारेची घासणीही नको, कारण तिचे तुकडे मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. तो प्रयोग मी करून चुकलेय. इंजिनाच्या कडेचा लाल रंग सगळा माझ्या कापसावर आला होता.

काही चाकांच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यात रबराचं बारीक कडं बसवलेलं असतं. चढावर पकड यावी म्हणून ते असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते कडक होतं, चिरतं आणि इंजिन डुगडुगायला लागतं. तेवढंच असेल तर फक्त रबर बदल. चाकाला हात लावू नकोस.

पुसूनही भागलं नाही तर मग मोजायला बस. हा भाग मी तुझ्याकडून कंटाळा येईपर्यंत करून घेणार आहे, कारण नव्या चाकांचे पैसे वाया जातात ते इथेच. एक डिजिटल व्हर्निअर कॅलिपर घे आणि वहीत चार आकडे लिही. पहिला, रुळावर टेकतो तिथे चाकाचा व्यास. दुसरा, अ‍ॅक्सलची टोकापासून टोकापर्यंतची लांबी. तिसरा, अ‍ॅक्सलची जाडी. चौथा, दोन्ही चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर, ज्याला सगळे 'बॅक टू बॅक' म्हणतात. गिअर असेल तर त्याचे दातही मोज, आणि ते दोनदा मोज, कारण पहिल्यांदा हमखास एक कमी किंवा एक जास्त होतो.

हा चौथा आकडा सासऱ्यांना जाऊन विचार. ते रेल्वेतून निवृत्त झालेत ना? मग बघ कसे सरसावून बसतात. आपल्या खऱ्या ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, आणि त्यावर चालणाऱ्या चाकांच्या पाठींमधलं अंतर १६०० मिलिमीटर. तो आकडा मिलिमीटर-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर कारखान्यातले लोक चाकजोडी पुढे जाऊ देत नाहीत. तुझ्या टेबलावर कायदा तोच, आकडे फक्त लहान. एचओ मापात म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि चाकांच्या पाठींमधलं साधारण १४.४. जुन्या इंजिनांत, विशेषतः इंग्लंडकडच्या, हे अंतर १४ किंवा त्याहूनही कमी सापडतं. मग चाकाची पाठ पॉइंटमधल्या आतल्या आधाररुळाला घासते, अडते आणि इंजिन वर चढून आडवं पडतं. अंतर जास्त झालं तर उलटा त्रास, फ्लँज पॉइंटच्या टोकावरच धडकते. अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट असते गं, पण तेवढ्याने अख्खी गाडी घसरते.

एक गंमत सांगते, सासऱ्यांना आवडेल. १६७६ ला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. म्हणजे भारतीय इंजिनाचं मॉडेल काटेकोर करायचं तर त्याचे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत. पण जगात तयार मिळतात ते १६.५ चे, म्हणून आपल्याकडचे हौशी लोकही निमूट त्यावरच डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल चालवतात. त्या इंजिनाचं खरं चाक नवं असताना १०९२ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा. बाजारात बारा दिसलं म्हणून लगेच घेऊन टाकू नकोस. पुढची चाकं बारा आणि मागची साडेबारा झाली तर दोन्ही टोकांचा वेग जुळत नाही आणि एक टोक दुसऱ्याला ओढत बसतं. बदलायची तर इंजिनाची सगळी चाकं एका मापाची.

आता त्या खडखडीकडे ये. जुने रूळ उंच असायचे. 'कोड १००' म्हणतात ते २.५४ मिलिमीटर उंचीचे. तू जे नवे, नाजूक दिसणारे रूळ आणलेस ते 'कोड ८३' असतील, म्हणजे २.१ मिलिमीटर. दिसतात सुंदर, मान्य! पण लिमासारख्या जुन्या इटालियन गाड्यांच्या फ्लँज एवढ्या खोल असतात की त्या कमी उंचीच्या रुळावर खाली खिळ्यांना लागतात. इथे दोन वाटा आहेत. एक, 'आरपी २५' म्हणतात त्या घडणीची, लहान फ्लँजची चाकं मागवायची. दुसरी, जुन्याच चाकांची फ्लँज लेथवर कमी करून घ्यायची. पूल ओलांडला की वसईला औद्योगिक वसाहतींत लेथवाले भरपूर आहेत. पण एवढं छोटं काम सगळेच घेत नाहीत, आणि घेतलं तरी चाक मध्यभागी अचूक धरता आलं पाहिजे, नाहीतर गोल चाक लंबगोल होऊन परत येतं. माझं मत विचारशील तर नवी घे. जर्मन सिल्व्हरची मिळाली तर उत्तमच. पूजेची भांडी असतात तेच ते. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत ते लोखंडासारखं गंजत नाही.

मागवण्याआधी आणखी एक तपासणी. मल्टिमीटर घे आणि एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत वीज जाते का बघ. दोन रुळांवर चालणाऱ्या इंजिनात ती जाता कामा नये, कारण एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. म्हणून दोन चाकांमध्ये कुठेतरी प्लॅस्टिक असतंच. कधी एका चाकाच्या मध्याशी बारीक बुश, कधी मधला गिअरच. मल्टिमीटर बीप करून ओरडला आणि इंजिन जर्मनीच्या मार्कलिनचं निघालं तर घाबरू नकोस, ते बिघडलेलं नाही. त्यांची पद्धतच वेगळी. दोन्ही रूळ एका बाजूचे आणि दुसरी वीज मधल्या टोचण्यांतून येते. ते इंजिन तुझ्या साध्या रुळांवर ठेवलंस तर थेट शॉर्टसर्किट. त्याला बाजूला ठेव, त्याची कहाणी निराळी.

चल, आता उघडू. रुमालावर नाही, टॉवेलवर. बारीक स्प्रिंग उडाली तर रुमालावरून घरंगळून फरशीवर जाते, टॉवेल तिला अडकवून ठेवतो. स्क्रूंसाठी चार वाट्या घे आणि कागदावर लिही, कुठला कुठून निघाला. मी एकदा सगळे एकाच वाटीत टाकले होते. जोडून झाल्यावर दोन उरले, आणि इंजिन तरीही चाललं, याचं मला आजही कोडं आहे. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढ. वरचं कवच काढलंस की खालची बोगी सुटते. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे गं, चाकं बसवलेली खालची चौकट. सासरे कदाचित ट्रॉली म्हणतील.

समजा ते इंजिन अमेरिकेच्या अ‍ॅथर्नचं, निळ्या खोक्यातलं आहे. तुझ्या फोटोवरून मला तरी तसंच वाटतंय. मग तुझं नशीब चांगलं, कारण त्याच्याइतकं सरळ इंजिन शिकायला मिळणार नाही. बोगीच्या तळाची प्लॅस्टिकची पट्टी नखाने उचलली की चाकजोड्या वर दिसतात. प्रत्येक चाकाजवळ एक चौकोनी पितळी बेअरिंग असतं, ते टॉवेलवर पडू दे पण हरवू देऊ नकोस. आता चाकजोडी हातात घे आणि खिडकीशी ने. मध्ये प्लॅस्टिकचा गिअर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आत घुसवलेले दोन अर्धे अ‍ॅक्सल, प्रत्येकाला एकेक चाक. अख्खा अ‍ॅक्सल आरपार जातच नाही. त्या काळच्या कित्येक इंजिनांत अशीच रचना आहे, आणि दुखणंही इथेच जन्माला येतं. धातूवर घट्ट बसवलेलं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं, थोडं आक्रसतं आणि एक दिवस उभं चिरतं. तडकलेली काचेची बांगडी हातात राहते पण चिरेपाशी किंचित फाकते, तसंच होतं. त्या चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढतं, समोरच्या गिअरचा दात तिथे नीट बसत नाही, आणि तो तुझा 'टक्‌' आवाज येतो. चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. गिअर अंगठ्याने जरा वळव, म्हणजे केसाएवढी रेघ उघडते.

आता गोंदाचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. हे प्लॅस्टिक तेलकट जातीचं, फेविक्विक त्यावर धरत नाही, आणि धरलं तरी वाढलेला दात आत जात नाही. नवा गिअर किंवा अख्खी नवी चाकजोडी हेच औषध. अ‍ॅथर्नचा ६००२४ क्रमांकाचा गिअर लाइफ-लाइकच्या प्रोटो २००० मालिकेतल्या इंजिनांनाही बसतो, हे लक्षात ठेव. जुन्या इंजिनवाल्यांचा तो ठेवणीतला आकडा आहे.

चाक काढताना पक्कडीने उचकटू नकोस. एका हातात गिअर, दुसऱ्या हातात चाक, आणि पिळत पिळत बाहेर ओढ. नवं बसवताना आधी हाताने सरळ लाव, मग बाकाला बसवायच्या छोट्या व्हाइसमध्ये दोन्ही चाकांना पुठ्ठ्याचे तुकडे लावून हळूच दाब. थोडं दाब, काढ, कॅलिपरने मोज, पुन्हा दाब. १४.४ ला आलीस की थांब. हातोडी? हातोडीचं नावही काढायचं नाही. मग ती जोडी काचेवर घरंगळव. डुलत चालली तर चाक वाकडं बसलंय, काढून परत. गिअर दोन्ही चाकांच्या बरोबर मधोमध हवा, तोही बघ.

आणि कितीही उत्साह आला तरी एका वेळी एकच चाकजोडी काढ. बाकीच्या जागेवर असल्या की कुठलं बेअरिंग कुठे, कुठली बाजू कुठे, हे बघायला नमुना समोर राहतो. एका चाकाशी बुश असलेल्या इंजिनात तर हे फारच महत्त्वाचं, कारण चार जोड्यांतली एक उलटी बसली तरी शॉर्ट.

तीन-तीन अ‍ॅक्सलच्या बोगीत मधली चाकजोडी किंचित आडवी सरकायला हवी, नाहीतर टेबलावरच्या तंग वळणावर ती गाडीला बाहेर ढकलते. ही काही खेळण्यांपुरती अडचण नाही बरं का. आपल्या नेरळ-माथेरानची लाइन १९०७ साली सुरू झाली ती दोन फुटी रुळांवर, आणि वळणं अशी की तिथल्या पहिल्या वाफेच्या इंजिनांना टोकाचे अ‍ॅक्सल थोडे वळू देणारी क्लिएन-लिंडनर रचना द्यावी लागली होती. तेव्हा नवी जोडी बसवलीस की बोटाने आडवी हलवून बघ. हलली तर बरोबर.

वाफेच्या इंजिनाला मात्र तू सध्या हात लावायचा नाहीस. ही सूचना नाही, ताकीद आहे. त्याच्या मोठ्या चाकांना दांडे जोडलेले असतात, आणि एका बाजूची खुंटी बाराच्या काट्यावर असेल तर दुसऱ्या बाजूची तीनच्या काट्यावर, म्हणजे बरोबर ९० अंशांनी सरकलेली असावी लागते. एक चाक काढून अंदाजे परत बसवलंस तर इंजिन लंगडतं, नाहीतर जागीच अडकून मोटर तापते. त्याला वेगळा साचा लागतो. आणि खोक्यात दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं एखादं इंजिन असेल तर त्याची चाकं नीट बघून घे. जस्ताच्या जुन्या ओतकामात शिसं मिसळलेलं असलं की धातू आतून फुगतो, जाळीसारख्या चिरा पडतात आणि बोटाखाली भुगा होतो. तसं असेल तर ते चालवायचा हट्ट सोड, काचेच्या कपाटात ठेव.

खरेदीचं सांगते. अवजारांसाठी मीरा रोडहून लोकल पकड. मल्टिमीटर आणि बारीक तारा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, आणि कॅलिपर, छोटा व्हाइस, घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर मशीदबंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर. सकाळी जा, संध्याकाळी परतताना आपल्या नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये तुझा सगळा उत्साह मावळेल. चाकं मात्र बहुतेक परदेशातूनच येतात, टपाल आणि कस्टमचा खर्च चाकांपेक्षा जड पडतो, म्हणून सगळी मोजमापं पक्की करून एकदाच मागव. पत्त्यात घोडबंदर रोड, मीरा-भाईंदर असं ठळक लिही. आपल्या वरसाव्याचं नुसतं 'वर्सोवा' झालं की पार्सल अंधेरीच्या वर्सोव्याला फिरून येतं.

नवी चाकं बसल्यावर अ‍ॅक्सलच्या टोकाला सुईने तेलाचा एक थेंब, गिअरला प्लॅस्टिकला चालणारं थोडं ग्रीस, आणि चाक रुळावर टेकतं त्या कडेला काहीच नाही. मग गोल रुळावर पुढे अर्धा तास, मागे अर्धा तास, मध्यम वेगाने.

आणि हो, जुनी चाकं फेकायची नाहीत. प्लॅस्टिकच्या पुडीत घाल, वर इंजिनाचं नाव लिही, आत सिलिका जेलची एक पुडी टाक. उद्या कोणी म्हणालं, मूळ चाकं काढून इंजिनाची किंमत घालवलीस, तर ती पुडी दाखव. माझं विचारशील तर कपाटातल्या अस्सल चाकांपेक्षा रुळावरचं चालतं इंजिन मला केव्हाही बरं वाटतं. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. सासऱ्यांना एकदा तिथे घेऊन जा. तिथे गाड्या नुसत्या मांडून ठेवलेल्या नाहीत, छोट्या शहरातून धावतात. धावत्या ठेवायच्या म्हणजे त्यांची चाकं कोणीतरी पुसत असणार, बदलत असणार, हे तुला आता बघताक्षणी कळेल.

सासऱ्यांचे हात थरथरतात म्हणून त्यांना लांब बसवू नकोस हं. हात तुझे, नजर त्यांची. चीर शोधायला आणि 'वाकडं बसलंय' म्हणायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस तुला सापडणार नाही. उद्या दुपारी जेवणं आटोपली की एकच चाकजोडी काढ, चारही आकडे वहीत लिही आणि पानाचा फोटो मला पाठव. मी बघितल्याशिवाय काही मागवू नकोस.